नवीची पद्धत

"ज्यांना एआय वापरता येतं त्यांनी हात वर करा," असं साहेबांनी म्हटलं तेव्हा गाद्यांच्या कंपनीच्या तक्रार विभागात चार माणसं होती, आणि त्यांतले एक साहेब स्वतः होते. त्यांचा हात आधीच वर होता. तो पाहून टायने हात वर केला. टाय म्हणजे त्या विभागातला सव्वीस वर्षांचा तरुण. उन्हाळा असो, पंखा बंद असो, गळ्यातला टाय तो सोडत नसे. टायचा हात वर गेलेला पाहून गॉगलने केला. ही तिशीच्या अलीकडची बाई खोलीतही काळा चष्मा डोक्यावर चढवून बसायची. उरला एकच हात. तो नवीचा.

नवीला तिथे लागून पाच महिने झाले होते. सहा महिन्यांनी कायम करायचं की रामराम म्हणायचं, हे साहेब ठरवणार होते. कायम झालेल्याच्या टेबलावर नावाची पितळी पाटी लागे. तोवर तिला कुणी नावानं हाक मारायची तसदी घेतली नव्हती. सगळे नवीच म्हणत. याआधीच्या दोन नोकऱ्या तिच्या सहाव्या महिन्यातच गेल्या होत्या, आणि दोन्ही ठिकाणी ती नवीच राहिली होती.

"काळाबरोबर जे चालणार नाहीत," साहेब कुणाकडेच न बघता म्हणाले, "त्यांना कायम करून आम्ही करायचं काय?"

नवीचा हात वर गेला. तो तिनं वर केला की आपोआप गेला, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

आता खरं सांगायचं तर नवीनं ते यंत्र वापरून पाहिलं होतं. नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी. एका बाईंनी लिहिलं होतं की गादी इतकी मऊ आहे की सकाळी तिच्यातून बाहेर यायला मुलाला हाक मारावी लागते. नवीनं ते पत्र यंत्राला दिलं. उत्तर आलं, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो. कृपया गादी सपाट पृष्ठभागावर ठेवावी.' नवीनं ते तीनदा वाचलं. त्या बाईंच्या भावना समजल्याची कुठलीही खूण तिला त्यात सापडेना. तिनं कागद पर्समध्ये टाकला आणि घरी नेऊन आत्याला दाखवला.

आत्या बस आगारातल्या चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं बसली होती. सुटलेली बस, हरवलेली पेटी, फलाट बदलल्यामुळे हुकलेलं लग्न, सगळं आधी तिच्या खिडकीवर येऊन आदळत असे. निवृत्त झाल्यावर आता तिच्याकडे ओरडायला कुणी येत नाही, याचं तिला मनातून वाईट वाटे. तिनं पत्र वाचलं, इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ठमे, या बाईला गादीचं काही नाही. मुलाला हाक मारावी लागते, याचं आहे. लिही तिला, की कडक गादी पाठवतो. आणि मुलगा हाकेला येतो हे वाचून बरं वाटलं असंही लिही."

त्या बाईंचं आभाराचं पत्र आलं. तक्रार विभागात आभाराचं पत्र कुठल्या फायलीत लावायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तशी फाईलच नव्हती.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. नवी दिवसभर पत्रांतला मजकूर वहीत उतरवून घेई, संध्याकाळी आत्याला वाचून दाखवी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरं टाइप करी. सुरुवातीला दोन पत्रं असत, मग चार झाली, पाचव्या महिन्यात नऊ. एक गोष्ट मात्र नवीला खटकू लागली होती. हल्ली पत्र ऐकलं की आत्या लगेच उत्तर देत नसे. "थांब, गोळी घेऊन येते," असं म्हणून आपल्या खोलीत जाई आणि दहा मिनिटांनी बाहेर येई. उत्तर फक्कड असे, त्यात प्रश्नच नाही. पण एका संध्याकाळी नवीनं मोजलं, तर नऊ पत्रांना पाच गोळ्या झाल्या होत्या. आत्याला काय झालंय हे विचारायचा धीर तिला होत नव्हता. आपल्यामुळे म्हातारीच्या डोक्याला ताप होतोय, एवढं तिनं मनाशी ठरवून टाकलं. नोकरी कायम झाली की हे बंद करायचं, असंही ठरवलं.

हात वर केल्यानंतर आठवडाभरातच साहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात आभाराची सहा पत्रं होती.

"टाय पण एआय वापरतो. गॉगल पण वापरते. त्यांना शिव्या येतात," साहेब म्हणाले. "तुम्हालाच आशीर्वाद कसे येतात? तुम्ही त्याला विचारता तरी कसं?"

नवीनं हातातलं पत्र उलटं ठेवलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं विषय तेवढा झाकला आणि बाकी सगळं खरं सांगितलं. "आधी तब्येत विचारायची. मग एका वेळी एकच पत्र सांगायचं, दोन एकदम नाही. सांगून झालं की मध्ये तोंड घालायचं नाही. उत्तर पटलं नाही तर तोंडावर चूक काढायची नाही, 'असं झालं तर काय होईल' असं विचारायचं. 'बघू' म्हणालं तर दोन मिनिटं गप्प बसून पुन्हा विचारायचं. आणि दुपारी दोन ते चार अजिबात विचारायचं नाही."

"दोन ते चार का नाही?"

"त्या वेळी उत्तरं तुटक येतात."

"लोड असतो," टाय पलीकडून जाणकाराच्या आवाजात म्हणाला. "जगभर."

साहेबांनी ते सगळं टाइप करून घेतलं, वर ठळक अक्षरांत 'नवीची पद्धत' असा मथळा दिला आणि कागद पाण्याच्या यंत्राशेजारी भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवसापासून तक्रार विभागात निराळंच वारं वाहू लागलं. टाय सकाळी आल्या आल्या संगणकाला विचारी, "काल झोप लागली का?" गॉगल पत्र देऊन झाल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसे, आयुष्यात पहिल्यांदाच ती सलग दोन मिनिटं गप्प बसलेली लोकांनी पाहिली. यंत्रालाही बहुधा असं कुणी कधी विचारलं नसावं. ते भरभरून उत्तरं देऊ लागलं. आणि दुपारी दोन वाजले की सगळा विभाग हात आवरून बसे. नियमच होता तसा, आणि तो भिंतीवर होता.

अडचण इथूनच सुरू झाली. मुख्य कचेरीत बसणाऱ्यांना असं दिसलं की या शाखेतून दुपारी दोन ते चार एकही उत्तर जात नाही, आणि तरीही तक्रारी कमी होत चालल्या आहेत. काम कमी करून काम वाढल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. त्यांनी ताबडतोब एक माणूस पाठवला.

हा पाहणीवाला पस्तिशीचा, शांत, आणि त्याच्याकडे चोवीस प्रश्नांचा छापील कागद होता. मथळा होता, 'तरुण कर्मचारी एआय का स्वीकारतात'. वयाच्या चौकटीत 'अठरा ते तीस' एवढंच छापलेलं होतं. त्यानं एकेकाला कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत बोलावलं. पण त्या खोलीची भिंत प्लायवूडची होती, त्यामुळे सगळ्यांची उत्तरं सगळ्यांना ऐकू आली.

"तुम्ही का वापरायला लागलात?" त्यानं टायला विचारलं.

"भविष्य आहे ते. मला आधीपासून जाणवत होतं."

"आधीपासून म्हणजे?"

"गॉगलनं घेतलं तेव्हापासून."

गॉगल आत गेली. तिनं सांगितलं की टाय वापरत होता, मागे राहिल्यासारखं वाटायला लागलं. पाहणीवाल्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि शिसपेन्सिल खाली ठेवली. साहेबांचं वय चौकटीत बसत नव्हतं, पण त्यांनी विचारलं नसतानाही सांगितलं, की मुख्य कचेरीचा हुकूम होता म्हणून. मुख्य कचेरीनं हुकूम का काढला, असं त्यांनीच उलट विचारलं. पाहणीवाला जरा घुटमळला. "शेजारच्या कंपनीनं काढला होता," तो म्हणाला.

नवीची पाळी आली. "उपयोगी वाटलं, सोपं वाटलं, मित्रमैत्रिणी वापरतात, की नोकरी जाईल अशी भीती वाटली? एकावर खूण करा."

नवीनं चौथ्यावर खूण केली. त्या कागदावर तिनं केलेली तेवढी एकच खूण शंभर टक्के खरी होती.

"छान," पाहणीवाला म्हणाला. "उद्या अकराला सगळ्यांसमोर एक पत्र तुमच्या पद्धतीनं सोडवून दाखवा. भिंतीवर मोठं दिसेल असं. पत्र मी आणलंय."

साहेब दारातूनच म्हणाले, "आणि परवा महिना संपतोय, लक्षात आहे ना?"

संध्याकाळी नवीनं आत्याला सगळं सांगितलं. आत्यानं गोळी घेतली नाही, त्यावरून प्रसंगाचं गांभीर्य नवीच्या लक्षात आलं.

"म्हणजे मी यंत्र व्हायचं," आत्या म्हणाली.

"एक दिवस. अकरा ते सव्वाअकरा. मी तुला संगणकावरून संदेश पाठवीन, तू फोनवरून उत्तर दे. तुझं नाव मी काढून टाकते, तिथं 'सहायक' दिसेल. फक्त तू मध्येच दुसरं काही लिहू नकोस."

"दुसरं काय लिहिणार मी?"

"आत्या, तू पत्ता विचारणाऱ्या माणसाला त्याच्या सुनेचं बाळंतपण विचारायचीस."

"त्याशिवाय तो कुठं चाललाय ते कसं कळणार?" आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भिंतीवर पांढरा चौकोन उजळला. पाहणीवाल्यानं पत्र काढलं. ते एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचं सातवं पत्र होतं. आधीच्या सहांना टाय आणि गॉगलच्या यंत्रांनी उत्तरं दिली होती, आणि सहाही उत्तरांत भावना समजून घेऊन सपाट पृष्ठभाग सुचवला होता. पाहणीवाल्यानं वाचून दाखवलं: 'तुमची गादी मध्ये खचली आहे. गेले तीन आठवडे माझा आणि पत्नीचा अबोला चालू आहे. आम्ही दोन कडांना तोंडं फिरवून झोपतो, आणि पहाटे दोघंही मधल्या खड्ड्यात एकमेकांना टेकलेले असतो. यामुळे अबोला नीट चालवता येत नाही. तुमची गादी आमच्या घरगुती बाबीत ढवळाढवळ करत आहे.'

नवीनं भिंतीवरच्या कागदाप्रमाणे आधी लिहिलं, 'नमस्कार. तब्येत कशी आहे?'

उत्तर आलं, 'गुडघा सोडून बरी.'

खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. "माणसासारखं बोलतं," साहेब पाहणीवाल्याला म्हणाले. टायनं वहीत लिहून घेतलं, 'गुडघा विचारायचा राहिला होता.'

नवीनं पत्र आणि आधीची सहा उत्तरं पाठवली, आणि मध्ये तोंड घालायचं नाही म्हणून हात मांडीवर ठेवले. एक मिनिट गेलं. भिंतीवर अक्षरं उमटली: 'थांब, दार वाजतंय.'

पाहणीवाल्याच्या भुवया वर गेल्या. "दार?"

"सुरक्षा तपासणी," टाय म्हणाला. त्याला ठाऊक नाही असं काही नव्हतं.

'गॅसवाला होता. वाचते आता. तुझा तो साहेब तिथेच उभा आहे का? पाण्याची बाटली घेऊन?'

सगळ्यांचं लक्ष साहेबांच्या हाताकडे गेलं. बाटली होती. साहेबांनी ती सावकाश पाठीमागे नेली. "कॅमेरा आहे का याला?" त्यांनी हळूच विचारलं. नवी कळफलकाकडे वळली. तिनं भराभर टाइप केलं, 'कृपया फक्त पत्राबद्दल बोलावे.'

'बोलावे काय. अशी कशी बोलतेस? बरं, ऐक. टायवाल्याचं ते सपाट पृष्ठभागाचं लिहू नकोस, सहा वेळा ऐकून माणूस सपाट झाला असेल. पाच मिनिटं दे, गोळी घेऊन येते.'

टायनं या वेळी वही मिटली.

पाहणीवाला कागदावर काही लिहीत नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. पाच मिनिटांनी भिंतीवर उत्तर उतरलं:

'सप्रेम नमस्कार. गादी खचली ही आमची चूक आहे, अबोल्यात पडलो त्याबद्दल क्षमा. नवीन कडक गादी आजच बाजूला काढून ठेवली आहे. तिच्यावर दोघं दोन टोकांना राहाल आणि अबोला वर्षभर सुखानं चालेल. मात्र ती पोचवायला आठ दिवस लागतील. तोवर खड्ड्यात भेट झालीच, आणि काही बोलणं निघालंच, तर तसं कळवावं. मग जुनी गादी आम्ही नेणार नाही.'

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गॉगलनं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, कारण डोळे झाकायची वेळ आली होती. पाहणीवाल्यानं खुर्ची नवीजवळ ओढली.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे कोण आहे?"

नवीला वाटलं होतं की हा प्रश्न आला की आपण काहीतरी बोलू. टायसारखं, ठणठणीत. पण तिच्या डोळ्यांपुढे पितळी पाटी आली, मग पाच गोळ्या आल्या, आणि तिला एकाएकी सगळ्याचा कंटाळा आला.

"माझी आत्या आहे," ती म्हणाली. "मी एआय वापरत नाही. एकदाच वापरून पाहिलं होतं. सगळ्यांनी हात वर केला म्हणून केला. उत्तरं सगळी आत्याची. आणि साहेब, पद्धतपण तिचीच. दोन ते चार ती झोपते."

भिंतीवरच्या कागदाकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं. टाय गेले दोन आठवडे एका यंत्राच्या वामकुक्षीसाठी आवाज न करता चालत होता. त्यानं टाय थोडा सैल केला.

"उद्याचं काही बोलायला नको मग," साहेब म्हणाले. रागानं नाही, वाईट वाटून म्हणाले, आणि त्यामुळे नवीला जास्त लागलं.

"एक मिनिट," पाहणीवाला म्हणाला. "मला त्यांच्याशी बोलायचंय."

नवीनं फोन लावून आवाज मोठा केला. "आत्या," नवी म्हणाली, "सांगितलं मी सगळं."

"बरं केलंस," पलीकडून आवाज आला. "मग मीपण सांगून टाकते. ठमे, रागावू नकोस. तुझं ते सुरुवातीचं मी माझ्या डोक्यानं सांगत होते. पण तू नऊ-नऊ पत्रं आणायला लागलीस. एकतीस वर्षांत बसबद्दल सगळं पाठ झालं होतं मला. गादीबद्दल कोण किती सांगणार? तुझ्यासमोर 'नाही सुचत' म्हणायची लाज वाटली. सकाळी फिरायला येणाऱ्या बायका सगळ्या ते एआय वापरतात. म्हटलं आपणच का मागे. त्यांनीच फोनमध्ये घालून दिलं."

नवी खुर्चीवरून उठली. "म्हणजे गोळ्या?"

"कसल्या गोळ्या? गोळी माझी सकाळी एकच असते, बिनमिठाच्या जेवणाबरोबर. खोलीत जाऊन त्यालाच विचारायचे. पहिल्यांदा ते गुळमुळीत लिहितं. मी म्हणते, अरे, खिडकीवर उभा राहिलेला माणूस हे ऐकून घरी जाईल का? मग परत लिहितं. पुन्हा झापते. पाचव्या खेपेला जरा माणसात येतं. मग वरून मी दोन शब्द घालते."

नवी महिनाभर खोटं बोलत होती, आणि ते सगळं खरं होतं. तिनं हात वर केला तेव्हा तिच्या उत्तरांमागे यंत्र होतंच. फक्त ते तिलाच ठाऊक नव्हतं. हा हिशेब साहेबांच्या डोक्यात जमायला थोडा वेळ लागला, पण जमला तो तिच्या बाजूनं जमला.

"म्हणजे तांत्रिकदृष्ट्या," साहेब बाटली पुन्हा पुढे आणत म्हणाले, "वापर होत होता."

पाहणीवाल्यानं कोरा कागद पुढे ओढला होता. "आत्याबाई, तुम्ही हे तंत्र का स्वीकारलंत? उपयोगी, सोपं, मैत्रिणी, की भीती?"

"चारही लिहा," आत्या म्हणाली. "आणि पाचवं लिही बाबा, की पोरीनं मला विचारायचं थांबू नये म्हणून."

पाचवी चौकट छापलेली नव्हती. त्यानं समासात लिहिलं. वयाच्या रकान्यात त्रेसष्ट लिहायला जागा नव्हती, तेही समासात गेलं. परत जाताना त्याच्याजवळ तरुणांचे तीन कागद होते. त्यांतले दोन एकमेकांकडे बोटं दाखवत होते आणि तिसरा न वापरणारीचा होता. खऱ्या अर्थानं भरलेला कागद एकच होता, आणि त्यातलं महत्त्वाचं सगळं समासात होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी नवीच्या टेबलावर पितळी पाटी लागली. तिच्यावर तिचं पूर्ण नाव होतं, आणि ते वाचून गॉगल म्हणाली, "अय्या, हे तुझं नाव? मग तुला नवी का म्हणतात?" त्यानंतरही सगळे नवीच म्हणत राहिले.

सहाव्या दिवशी घड्याळवाल्यांचं आठवं पत्र आलं. एकच ओळ होती: 'गादी पाठवू नये.' खाली दोन सह्या होत्या.

पाहणीचा अहवाल त्याच आठवड्यात मुख्य कचेरीत गेला. तरुणांवर सर्वाधिक प्रभाव घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा, असा त्यात निष्कर्ष होता; नमुना एक, असं खाली बारीक अक्षरात होतं, पण बारीक अक्षर मुख्य कचेरी वाचत नसे. सोमवारी सगळ्या शाखांना परिपत्रक आलं: प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या आत्याचे नाव व संपर्क क्रमांक आठ दिवसांत कळवावा. आत्या नसल्यास मावशी चालेल.

दुपारी दोनला सगळे हात आवरून बसले. ती सवय काही मोडली नव्हती. टाय खुर्ची सरकवत सरकवत नवीच्या टेबलाशी आला, पितळी पाटी रुमालानं उगाच पुसली आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "ऐक ना. मला आत्या नाही. मावशी आहे, पण तिचं आमचं बोलणं नाही. तुझी जरा मिळेल का? चारनंतर?"